फोन आणि पीसीची पत्रिका जुळवताना

फोनमधले फोटो, फायली आणि नंबर पीसीत न्यायचे कसे, त्याचा आधी निकाल, कारण अर्ध्या लोकांना तेवढाच हवा असतो. मोठा माल हलवायचा तर चांगली केबल. रोजची किरकोळ देवघेव, म्हणजे चार फोटो, एखादी पीडीएफ, गिऱ्हाइकाचं मॅटर, यासाठी केडीई कनेक्ट, हे वाय-फायवर चालणारं ॲप. कॅमेऱ्यातले फोटो न सांगता पीसीत येऊन पडावेत असं वाटत असेल तर सिंकथिंग, दोन फोल्डर आपोआप सारखी ठेवणारं ॲप. फोनच्या कंपनीने दिलेलं ‘सगळं एका क्लिकवर’ वालं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं, त्याची आठवणही येत नाही. आणि फोनमध्ये नावं देवनागरीत ठेवली असतील तर ती पीसीवर न्यायच्या आधी खालचा कऱ्हाडचा किस्सा वाचा.

आता सविस्तर.

माझं कऱ्हाडला एसटी स्टँडच्या मागे डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्ड, वास्तुशांतीची निमंत्रणं, आणि हल्ली सगळ्यात जास्त फ्लेक्स. दुकानात दोन पीसी आहेत. एक नवा, विंडोज ११चा. दुसरा विंडोज ७चा म्हातारा. त्याला रिटायर करता येत नाही, कारण जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याच्यात आहे आणि त्याचं लॉक, ते बोटाएवढं डोंगल, त्याच्याच पाठीला लावलेलं आहे. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली त्या फॉन्टमध्ये. ‘थोरल्याच्या लग्नाला छापली होती तश्शीच छापा’ म्हणून लोक येतात, तेव्हा म्हाताराच कामाला येतो.

दिवाळीत फोन बदलला. जुन्या फोनमध्ये अकराशे चाळीस नंबर आणि साठ जीबीच्या आसपास फोटो: जुन्या पत्रिकांचे, शिक्क्यांचे, गिऱ्हाइकांनी वहीच्या कागदावर लिहून आणलेल्या मॅटरचे. तुळशीचं लग्न झालं की आमची सराई सुरू, तेव्हा हे सगळं त्याआधी जागेवर लावायचं होतं. वाटलं एका रविवारचं काम. पुढे काय झालं ते हे.

‘व्हॉट्सॲप वेब आहे की’ असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आत्ताच सांगतो. आहे, आणि दिवसभर चालूच असतं. पण त्यावर फोटो म्हणून पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो. स्क्रीनवर छान दिसतो, दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सवर नवरदेवाच्या गालावर चौकोन दिसायला लागतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे मी दिवसातून वीस वेळा सांगतो, त्यातले चार जण ऐकतात.

केबल

फोनच्या डब्यातली केबल घरी चार्जरला, म्हणून दुकानासाठी वेगळी घेतली. जवळच्याच एका दुकानातून, १२० रुपयांना, पांढरीशुभ्र. नाव घेत नाही, रोज तोंड बघायचं असतं. लावली, फोन चार्ज व्हायला लागला, पीसी ढिम्म. आवाज नाही, खिडकी नाही, काही नाही. मी पोर्ट बदलले, ड्रायव्हर शोधले, पीसी दोनदा रिस्टार्ट केला. संध्याकाळी भाचा आला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने केबल हातात घेऊन वाकवून बघितली आणि म्हणाला, “मामा, ही नुसती पाणी देणारी आहे, बोलणारी नाही.”

तर असं आहे. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. कितीतरी स्वस्त केबलमध्ये डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून काहीही कळत नाही. दुकानदाराकडे परत गेलो तर म्हणाला, “चार्जिंग होतंय ना?” होतंय. मुद्दा संपला.

दुसरी घेतली ३५० रुपयांना, डेटा केबल म्हणून विचारून, त्याच्याच काउंटरवरच्या लॅपटॉपला लावून बघून. हे करायला लाजू नका. माझ्या मते सगळ्या भानगडींतली निम्मी इथेच संपते.

आणखी एक गैरसमज माझा होता तो सांगतो. गोल टोकाची, कशीही घातली तरी बसणारी यूएसबी-सी आली म्हणजे वेग आला, असं मला वाटायचं. टोकाचा आकार वेगळा आणि आतला वेग वेगळा. मधल्या किमतीच्या कितीतरी फोनमध्ये भोक सी-चं असतं आणि आत वेग तोच जुना यूएसबी २.०चा, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो. आठ पट जास्त पैसे देऊन ‘सुपरस्पीड’ केबल घेतली तरी फोन तेवढाच देणार. तो मोह टाळला, एवढं एक शहाणपण केलं.

केबल लावल्यावर

ज्यांनी २०१० च्या आसपासचे फोन वापरलेत त्यांना आठवेल, फोन लावला की पीसीत पेनड्राइव्हसारखं एक अक्षर यायचं. ई ड्राइव्ह, एफ ड्राइव्ह. त्यावरची फाइल तिथल्या तिथे उघडा, बदला, सेव्ह करा. आता तसं होत नाही आणि माझ्यासारख्यांना ते खटकतं. खटकण्याआधी कारण समजून घेतलं तर राग थोडा उतरतो. तेव्हा फोन आपलं कार्ड पीसीच्या ताब्यात सोडून द्यायचा, आणि पीसीकडे असेपर्यंत फोनला स्वतःला ते वापरता यायचं नाही. गाणी गायब, फोटो गायब. एका चुलीवर दोन सुना एकाच वेळी स्वयंपाक करायला लागल्या तर जे होईल ते डिस्कचं होतं, म्हणून एकीला बाहेर काढायचं. साधारण २०११ पासून अँड्रॉइडने ही पद्धत सोडून एमटीपी ही फायली देण्याघेण्याची रीत धरली. मूळ मायक्रोसॉफ्टचं, २००४ च्या सुमाराचं, गाण्यांच्या प्लेअरसाठी केलेलं. यात फोन डिस्क हातात देत नाही. काउंटरवर उभा राहतो, तुम्ही मागाल ती फाइल आतून आणून देतो.

काउंटर म्हटलं की रांग आली. एक फाइल देऊन झाली की दुसरी. एकाच वेळी दोन कामं सांगितली की गोंधळ. फोनवरची कोरल ड्रॉची (आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल थेट उघडून बदलता येत नाही, आधी पीसीवर आणा, बदला, परत पाठवा. आणि आत्ताच काढलेला फोटो कधीकधी पीसीला दिसतच नाही, कारण फोनच्या यादीत तो अजून चढलेला नसतो. केबल काढून घाला, नाहीतर फोन बंद करून चालू करा, मग दिसतो.

माझे साठ जीबी एका दमात ओढायला गेलो तर हिरवी पट्टी ऐंशी टक्क्यांवर जाऊन बसली ती बसलीच. पंधरा मिनिटं बघत बसलो, चहा पिऊन आलो, तरी तिथेच. मग पाचशे-पाचशे फोटोंचे गठ्ठे करून नेले. फोनची स्क्रीन चालू ठेवली, मध्ये कुणाचा फोन उचलला नाही. सगळं धरून एक दुपार गेली. पण एकही फोटो सुटला नाही, मोजून घेतले.

हो, आणि सुरुवातीलाच करायची गोष्ट: केबल लावल्यावर फोन अनलॉक करायचा, वरून पट्टी खाली ओढायची आणि ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. हे न केल्याने रिकामं फोल्डर बघून “फोटो उडाले” म्हणत आलेल्या तीन गिऱ्हाइकांना मी गेल्या महिन्यात शांत केलं आहे. एक तर रडायला आली होती.

एका क्लिकचं सॉफ्टवेअर

याच्यावर फार शब्द घालवत नाही. फोनच्या कंपनीचं होतं, कंपनीचं नाव राहू दे. म्हाताऱ्यावर ते चढलंच नाही, विंडोज ७ म्हटल्यावर दारातूनच परत. नव्यावर चढलं. आधी खातं उघडा, मग ओटीपी, मग फोनवर त्यांचं दुसरं ॲप घ्या, मग त्या ॲपला सतरा परवानग्या द्या. शेवटी कॉन्टॅक्ट्सच्या खिडकीत हिरवी खूण आली: सिंक पूर्ण. उघडून बघतो तर अकराशे चाळीसपैकी जेवढी नावं इंग्रजीत होती तेवढी ठीक, आणि देवनागरीतल्यांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या माळा. मोबाईल नंबर बरोबर, माणूस कोण ते माहीत नाही. अशी दोन-चारशे प्रश्नचिन्हं.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही, पण नोकिया पीसी सूट आठवलं. माझ्याकडे तेव्हा पॉप-पोर्टचा नोकिया होता, त्याची ती रुंद तोंडाची केबल. सॉफ्टवेअर जड होतं, तरी पीसीच्या कीबोर्डवर बसून मेसेज टाइप करून पाठवता यायचे, आणि मी दुकानाची बिलंसुद्धा अशी मागितलेली आहेत. त्याची खोड एकच, घरच्यांनाच ओळखायचं. दुसऱ्या कंपनीचा फोन लावला की तोंड फिरवायचं. सगळ्यांची एक भाषा असावी म्हणून नोकिया, एरिकसन, मोटोरोला, आयबीएम वगैरे मंडळींनी २००० साली सिंकएमएल नावाचा करार काढला होता, पुढे तो ओपन मोबाइल अलायन्स या मोबाइलवाल्यांच्या संघटनेकडे गेला. करार झाला. लग्न म्हणावं तसं लागलं नाही.

कऱ्हाड दोनदा का दिसतं

आता मुख्य दुखणं. मी नंबर माणसाच्या नावाने कमी आणि कामाने जास्त सेव्ह करतो. ‘मांडव ओगलेवाडी’, ‘गुरुजी मलकापूर’, ‘बांगडीवाल्या वहिनी’, ‘कऱ्हाड फ्लेक्स’. सगळं मराठीत. धंदाच मराठी अक्षरांचा, नंबर इंग्रजीत कशाला ठेवू?

सॉफ्टवेअर हरल्यावर फोनमधूनच ‘एक्सपोर्ट’ केलं. व्हीसीएफ नावाची एक फाइल मिळाली. नोटपॅडमध्ये उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही. नुसती बरोबरची चिन्हं, त्यामागे ई-शून्य, मग ए-चार किंवा ए-पाच, मग आणखी काहीतरी. पानंच्या पानं. मला वाटलं फाइल बिघडली.

बिघडली नव्हती. व्हीसीएफ फाइलीत नाव-नंबर लिहायची जी ठरलेली पद्धत असते ती व्हीकार्ड, आणि फोनने तिची २.१ ही आवृत्ती वापरली होती. ती १९९६ची. त्या काळात मजकूर साध्या इंग्रजी चिन्हांतूनच सुखरूप जाईल अशी खात्री असायची, म्हणून बाकी सगळं सांकेतिक करून पाठवायचं. आपलं एक देवनागरी चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि या पद्धतीत प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. म्हणजे एकास नऊ. ‘वहिनी’ हा शब्द व, ह, पहिली वेलांटी, न, दुसरी वेलांटी असा पाच तुकड्यांचा, त्याची झाली पंचेचाळीस चिन्हं. ‘बांगडीवाल्या वहिनी’ दीडशेच्या वर.

इथवर हरकत नव्हती. पण या पद्धतीत एक ओळ शहात्तर चिन्हांपेक्षा लांब ठेवायची नसते. ओळ भरली की शेवटी बरोबरचं चिन्ह टाकून पुढच्या ओळीवर जायचं, आणि वाचणाऱ्याने ‘अजून आहे’ असं समजायचं. नव्या पीसीवर मी जे फुकटचं ॲड्रेस बुक उतरवलं होतं त्याला हे समजत नव्हतं. त्याने पहिली ओळ वाचली आणि पुढची टाकून दिली. बांगडीवाल्या वहिनींच्या जागी ‘बांगडीवा’ उरलं. मांडववाले झाले ‘मांडव ओगल’. इंग्रजी नाव कितीही लांब असो, त्याला धक्का लागला नाही. त्या रात्री मी हसलो पण आणि चिडलो पण.

सुटका अशी झाली. फोनमधले नंबर गूगल खात्यात चढवले, आणि मग पीसीवर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या वेबपानावरून एक्सपोर्ट केलं. तिथून येणारं व्हीकार्ड ३.० आवृत्तीचं असतं आणि त्यात मराठी मराठीसारखीच दिसते. नोटपॅडमध्ये उघडल्यावर ‘वहिनी’ला वहिनी म्हणून वाचता आलं तर समजा पुढचं सगळं नीट होणार. ही परीक्षा पाच सेकंदांची आहे, कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी करा.

तिथे सीएसव्हीचाही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या यादीचाही, पर्याय आहे. स्प्रेडशीटमध्ये यादी हवी म्हणून मी तोही घेतला आणि फाइलवर डबल-क्लिक केलं. ते करू नका. एक तर मराठीचा चिवडा होतो, कारण स्प्रेडशीट फाइलला जुन्या इंग्रजी कोडमधली समजते. दुसरं, अधिक एक्याण्णव लावून चिकटवून लिहिलेला बारा अंकी नंबर त्याला रक्कम वाटते, आणि तो ‘नऊ पूर्णांक अमुक ई अधिक अकरा’ असा दाखवतो. आधी कोरी शीट उघडायची, मग डेटा मेनूतून टेक्स्ट आयात करायचं, कोडमध्ये ‘६५००१ यूटीएफ-८’ निवडायचं आणि नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ करायचा.

एवढं सगळं झाल्यावर सोमवारी ‘कऱ्हाड फ्लेक्स’ शोधायला गेलो, तर सापडेना. यादीत खाली सरकत गेलो तर एक नाही, दोन. एकात जुना नंबर, एकात नवा. दिसायला तंतोतंत सारखे. भिंग लावलं तरी फरक नाही.

डीटीपीवाल्याला हे आधीच कळायला हवं होतं, म्हणून थोडी लाजही वाटली. आपला हा ‘ऱ्ह’ मधला अर्धा र, दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्यावर, वऱ्हाड यातला, कंप्यूटरमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट: ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ते अक्षर येतं, मी पीसीवर तसंच लिहितो. दुसरी वाट: साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा. माझ्या जुन्या फोनचा कीबोर्ड दुसऱ्या वाटेने जात होता. छापून दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळी गावं. म्हणून एकाने शोधलं की दुसरं मिळत नाही, आणि ‘डुप्लिकेट जोडा’ म्हटलं तरी जोडत नाही.

अशा बारा जोड्या निघाल्या. भाच्याने ती व्हीकार्डची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये घेऊन एका वाटेचे सगळे ‘र’ शोधून दुसऱ्या वाटेचे केले, परत चढवली, आणि मग डुप्लिकेट झटक्यात जुळले. सगळ्या जगातल्या सिंकवाल्यांचं जाऊ दे, पण मराठीत फोन विकणाऱ्यांनी तरी ही एक गोष्ट तपासून बघायला हवी. आमच्या गावाचं नावच त्यात अडकलंय.

केडीई कनेक्ट

भाचा म्हणाला म्हणून हे घेतलं. फुकट, जाहिरात नाही, खातं उघडायला लागत नाही. केडीई ही लिनक्सवाल्यांची जुनी मंडळी, त्यांचं हे २०१३ पासूनचं काम. आता विंडोजवरही मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतं, फोनवर प्ले स्टोअरमधून. दोन्हीकडे टाका, दोन्ही एकाच वाय-फायवर ठेवा, ‘पेअर’ म्हणा. मध्ये कुणाचा सर्व्हर नाही, फोन आणि पीसी दुकानातल्या दुकानात बोलतात आणि तेही कुलूप लावून.

पहिल्या दिवशी ते एकमेकांना दिसलेच नाहीत. दोन कारणं होती आणि दोन्ही आमचीच. फोन राउटरच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर होता. गेस्टवरच्या यंत्रांना आपसात बोलू देत नाहीत, त्यासाठीच ते असतं. आणि नव्या पीसीने दुकानाचं वाय-फाय ‘पब्लिक’ मानलं होतं, त्यामुळे फायरवॉलने दार लावून घेतलेलं. ते ‘प्रायव्हेट’ केलं. कडक फायरवॉल असेल तर १७१४ ते १७६४ या नंबरांची दारं (पोर्ट) मोकळी ठेवावी लागतात, मला ती वेळ आली नाही. शिवाय फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या ॲपला ‘निर्बंध नाही’ करा, नाहीतर फोन त्याला झोपवतो.

त्यानंतर मात्र माझं कामच बदललं. गिऱ्हाईक समोर बसून फोनवर मॅटर पाठवतं, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘लहानग्यांची लाडिक बोलावणी’पर्यंत. मी फोनवर कॉपी करतो, पट्टी खाली ओढून ‘क्लिपबोर्ड पाठवा’ दाबतो आणि पीसीवर पेस्ट करतो. ते एक बोट दाबावं लागतं, कारण अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचू देत नाहीत. ते बरंच आहे म्हणा, त्याच क्लिपबोर्डवर आपण बँकेचा पासवर्डही कॉपी करतो.

फोटो शेअर मेनूतून पाठवला की पीसीच्या डाउनलोडमध्ये जसाच्या तसा, बारीक न होता. पत्रिकांच्या ढिगाखाली हरवलेला फोन पीसीवरून वाजवता येतो, हे आठवड्यातून दोनदा लागतं. फोनचा टचपॅड करून टीव्हीवर फ्लेक्सचं डिझाइन दाखवता येतं. वरच्या कोपऱ्यात फोटो हलवताना गिऱ्हाइकाला माझा हात दिसत नाही, त्यामुळे उगाच जादू वाटते.

एक इशारा. फोनवरचे मेसेज पीसीच्या स्क्रीनवर उमटतात, ते आधी बंद करा. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक प्रूफ वाचत बसलेलं असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात घरून मेसेज आला: ‘येताना कोथिंबीर आणा आणि त्या खडूसकडून ॲडव्हान्स घेतल्याशिवाय छापू नका.’ गिऱ्हाइकाने चष्मा वर केला, वाचलं, आणि खिशातून दोन हजार काढून टेबलावर ठेवले. कोण खडूस हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

म्हाताऱ्या पीसीसाठी एक पायरी जास्त लागते. युनिकोडमधलं मॅटर जुन्या फॉन्टमध्ये तसंच पेस्ट केलं की चौकोन दिसतात, म्हणून कन्व्हर्टरमधून काढावं लागतं. आणि तिथेही हाच अर्धा र. एका पत्रिकेत ‘दुसऱ्या दिवशी सत्यनारायण’चं ‘दुसर्‌या’ झालं होतं. मी तीनदा वाचून मला दिसलं नाही, प्रूफ बघायला आलेल्या मुलाच्या आत्याबाईंनी पहिल्या नजरेत बोट ठेवलं. “दादा, एवढ्या लांबून तुमच्याकडे येतो ते शुद्ध छापता म्हणून.” त्यानंतर कन्व्हर्ट केलेल्या मॅटरमध्ये ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मी हाताने शोधतो.

सिंकथिंग, थोडक्यात

हेही फुकट आणि हेही मध्ये कुणाला न ठेवता चालतं. फोनचं कॅमेऱ्याचं फोल्डर आणि पीसीतलं एक फोल्डर यांची गाठ मारायची, क्यूआर कोड दाखवून. दुकानात शिरलं, वाय-फाय लागलं की कालचे फोटो पीसीत. मूळ मंडळींनी अँड्रॉइडचं ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं, आता त्याचीच दुसऱ्यांनी सांभाळलेली ‘फोर्क’ आवृत्ती चालते, मी तीच वापरतो. नवी आवृत्ती विंडोज ७वर चालत नाही, म्हणून म्हातारा नव्या पीसीच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून उचलतो.

पण हा बॅकअप नाही, आणि हे मला माझ्याच चुकीने कळलं. फोन भरला म्हणून तीन महिन्यांचे फोटो उडवले, पीसीत आहेतच या भरवशावर. पीसीतलेही गेले. अर्थात गेले, दोन्ही बाजू सारख्या ठेवणं हेच तर त्याचं काम. भाच्याने बसवतानाच पीसीच्या बाजूला ‘फाइल व्हर्जनिंग’मध्ये कचरापेटी चालू ठेवली होती, तिथून सगळे परत मिळाले. त्याला त्या दिवशी प्रीतिसंगमावर भेळ दिली.

महागडे फोन

हल्ली मुलीकडची मंडळी महाग फोन, म्हणजे आयफोन, घेऊन येतात आणि फोटो केबलने घ्या म्हणतात. फोटो एचईआयसी प्रकारचे असतात. जागा कमी घेतात, दर्जा चांगला, पण म्हाताऱ्याला ते उघडतच नाहीत. शिवाय हे फोन पीसीला देताना फोटोंचं तिथल्या तिथे जेपीजी करायला जातात, आणि अर्ध्यात ‘जोडलेलं उपकरण चालत नाही’ असा एरर येऊन सगळं थांबतं. केबलला दोष देऊ नका. फोनच्या सेटिंगमध्ये फोटोंच्या खाली ‘पीसीला देताना’ असा पर्याय असतो, तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘मूळ ठेवा’ करा, सगळे फोटो घ्या आणि मग नव्या पीसीवर जेपीजी करून घ्या. लग्न पुढच्या आठवड्यात असेल आणि फोटो अजून काढायचेच असतील, तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडायला सांगा, म्हणजे प्रश्नच येत नाही.

ड्रोनचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर बसत नसेल आणि जागा भरपूर शिल्लक दिसत असेल, तर पेनड्राइव्ह एफएटी३२ आहे. त्यावर चार जीबीच्या पुढची एक फाइल बसत नाही. एक्सफॅट करून घ्या, विंडोज ७लाही तो वाचता येतो.

सराईचे दोन महिने या व्यवस्थेवर काढले. ३५० रुपयांच्या केबलला मी लाल दोरा बांधलाय आणि ती ड्रॉवरमध्ये असते. बसची वाट बघणारे लोक फोन चार्ज करायला केबल मागायला येतात, त्यांना पांढरी देतो. त्या कामाला ती उत्तम आहे.